पाच पाळण्यांचा नियम

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. आजी-आजोबांच्या मनात शत्रुंजय, शिखरजी किंवा कुंभोज असते. मुलांच्या मनात शाळेतल्या मित्राने रंगवून सांगितलेले थीम पार्क असते. बहुतेक घरांत दोन्ही प्रवास घडतात, आणि घडावेतही. तीर्थयात्रेची तयारी कशी करायची हे घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. थीम पार्कच्या दिवसाची तयारी मात्र तिकिटे काढण्यापलीकडे सहसा जात नाही. मग संध्याकाळी परतीच्या गाडीत रडून थकलेले मूल, पाय दुखणारी आई आणि ‘एवढे पैसे खर्चून काय मिळाले’ असे पुटपुटणारे वडील, असे चित्र दिसते.

यात आणखी एक गोष्ट पणाला लागलेली असते आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. घरातले नियम लहान मुलाला घरात कधी नियम वाटत नाहीत. बटाटा घरी येतच नाही, दिवेलागणीपूर्वी जेवण होते, पाणी गाळून आणि उकळून घेतले जाते. मुलाच्या लेखी जग असेच असते. झगमगत्या उद्यानात मात्र पावलापावलावर ‘हे आपल्याला चालत नाही’ असे ऐकण्याची वेळ येते. दिवसभरात ‘नाही’ हा शब्द तीस वेळा कानी पडला, तर मुलाच्या मनात धर्माची पहिली ओळख ‘इतरांना मिळते ते आपल्याला न मिळणे’ अशी होऊन बसते. पाठशाळेतले वर्षभराचे संस्कार एका रविवारच्या चुकीच्या आखणीने पुसले जात नाहीत हे खरे. पण चरा उमटतो.

वॉल्ट डिस्ने यांना अशा उद्यानाची कल्पना कशी सुचली, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या दोन मुली फिरत्या लाकडी घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. पालक आणि मुले दोघांनाही एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का नसावी, हा प्रश्न त्या बाकावर उभा राहिला आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली आणि मुंबईत गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली आले. घरी जाणारच नाही असा हट्ट गाणाऱ्या मुलांची एस्सेल वर्ल्डची ती जाहिरात आज चाळिशीत असलेल्या कित्येक आई-वडिलांना अजून तोंडपाठ असेल. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या सहलीचा रोख तिकडे वळला. मुंबईहून सुमारे पाऊणशे आणि पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटर. सकाळी निघून रात्री घरी परतता येते. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच उद्यानाला धरून आहे. बाकीच्या ठिकाणीही फारसा फरक पडत नाही.

डिस्ने यांचा तो बाक मात्र अजून गेलेला नाही. आता त्यावर शेंगदाण्यांऐवजी मोबाइल आला आहे, इतकेच.

थीम पार्कच्या तिकिटाची रचनाच अशी असते, की एकदा पैसे भरले की आतले बहुतेक पाळणे हवे तितक्या वेळा खुले. ही सोय आहे आणि हाच सापळाही आहे. आत पाऊल टाकताच पालकांच्या मनात हिशेब सुरू होतो: चार तिकिटांचे इतके हजार, पाळणे वीसच्या वर, म्हणजे एकही सुटता कामा नये. या हिशेबात मूल कुठेच नसते. ते पहिल्याच चौकात कारंज्यापाशी रमलेले असते आणि वडील त्याचा हात ओढत असतात. ज्या वस्तूची किंमत एकदा मोजली, तिच्यातून जास्तीत जास्त काढून घेण्याची ही घाई जैन वाचकाला ओळखीची वाटावी. शास्त्रात तिला लोभ म्हणतात, आणि ती सोन्याच्या दुकानात जितकी असते तितकीच आकाशपाळण्याच्या रांगेतही असू शकते.

यावरचा उपायही घरातच आहे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक व्रत भोगोपभोगपरिमाणाचे. भोग आणि उपभोग सोडून देणे असा त्याचा अर्थ नव्हे. त्यांना आपण होऊन माप घालणे हा त्याचा गाभा आहे. त्याच धर्तीवर अनेक घरांत वडीलधारी माणसे आजही सकाळी चौदा नियम धारतात: आज किती द्रव्ये खायची, कोणत्या दिशेला किती दूर जायचे, किती वेळा स्नान करायचे आणि किती वाहनांत बसायचे. वाहन, दिशा, स्नान! थीम पार्कला जाणाऱ्या कुटुंबाने नेमक्या याच तीन नियमांचा विचार करावा, हा योगायोग गमतीचा आहे. पाळण्याला शास्त्रार्थाने वाहन म्हणावे की नाही, हा प्रश्न महाराजसाहेबांपर्यंत नेण्याचे कारण नाही. मुलाला खेळ म्हणून हा नियम फार आवडतो, एवढे पुरेसे आहे.

आदल्या रात्री मुलाला मांडीवर घेऊन विचारावे, ‘उद्या आपण किती पाळण्यांत बसायचे?’ आधी उत्तर ‘शंभर’ येईल. मग संकेतस्थळावरची चित्रे दाखवत, हसत-खेळत आकडा खाली आणावा. पाच ते आठ वर्षांच्या मुलाला पाच पाळणे पुरतात, त्याहून लहानाला तीन. निवड मुलाची असावी. आवडलेल्या पाळण्यात पुन्हा बसायचे असेल तर तोही त्याचाच हक्क. संख्या वरून लादलेली नसली की मूल ती अभिमानाने सांभाळते. दुपारी ‘अजून दोन राहिले’ असे ते स्वतःच बोट मोडून सांगते, आणि मग तिसऱ्या आणि चौथ्या पाळण्याच्या मधला वेळ झाडाखाली बसण्यात गेला तरी कोणाचे काही बुडत नाही. मोजून घेतलेली गोष्ट मूल चवीने घेते. सुट्टीच्या दिवशी एकेका रांगेत जितका वेळ जातो, तो पाहता पाचांहून अधिक पाळणे लहान मुलाला झेपतही नाहीत.

कोणते पाच, याचे उत्तर मुलाच्या उंचीवर आणि स्वभावावर अवलंबून आहे. इमॅजिकातला नायट्रो हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने तो धावतो आणि माणसाला पाच वेळा उलटा करतो. लहान मुलाच्या संदर्भात त्याचा उपयोग एकच: दुरून बघून थक्क होण्याचा. अशा पाळण्यांच्या दाराशी उंचीची पट्टी असते. ती मोडण्यासाठी टाचा उंचावायला शिकवणारे आणि प्रवेशद्वारावर अर्धे तिकीट लागावे म्हणून त्याच मुलाला गुडघे वाकवायला सांगणारे पालक कधी कधी एकच असतात. पट्टी तिथे का आहे, हे समजून घ्यावे. खांद्यावरचा दांडा आणि कमरेचा पट्टा ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकते. पाच-सहा सेंटिमीटरसाठी सत्य आणि सुरक्षा दोन्ही एकदम पणाला लावण्यात शहाणपण नाही.

चिमुकल्यांसाठी फिरते घोडे आहेत, चहाच्या कपांत बसून गरगर फिरण्याचा पाळणा आहे, टबी नावाच्या हत्तीच्या पाठीवर बसून हवेत घिरट्या घालणे आहे, संथपणे हलणाऱ्या होड्या आहेत. कपांच्या पाळण्यात जेवणानंतर लगेच बसू नये. गोल फिरताना डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते. दोन ते बारा या वयात या गोंधळाचा त्रास अधिक होतो आणि मळमळते. फिरताना मुलाला समोर बसलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगितले की पुष्कळदा त्रास कमी होतो.

मळमळीहून नाजूक विषय भीतीचा. राजासॉरस नावाच्या सफरीत होडी अंधारातून डायनासोरांच्या मधून जाते. हा प्राणी खरोखर भारतीय आहे. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओली येथे त्याचे जीवाश्म सापडले आणि २००३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. आठ वर्षांच्या मुलाला हे आधी सांगितले तर सफर दुप्पट रंगते. चार वर्षांच्या मुलासाठी मात्र तो गर्जणारा डायनासोर यंत्राचा नसतो, खराच असतो. सलीमगढच्या भुताटकीबद्दल तर बोलायलाच नको. अशा वेळी ‘घाबरायचे काय त्यात, बघ ती मुलगी बसली’ हे वाक्य आपल्या समाजात सर्रास वापरले जाते, आणि ते निष्ठुर आहे. मूल घाबरलेले असते. या वाक्याने ते घाबरलेलेही राहते आणि लाजतेही. पायरीवर पाय अडखळला, मुठीत आईची ओढणी घट्ट धरली गेली, की रांगेतून बाहेर यावे, मग त्या रांगेत पाऊण तास गेलेला असला तरी. त्या क्षणी मुलाला समजते, की आपण ‘नको’ म्हटले तर आई-वडील ऐकतात. अंधाऱ्या बोगद्यातल्या तीन मिनिटांपेक्षा हे अधिक मोलाचे आहे. अभयदान हा शब्द आपण पर्युषणात ऐकतो. त्याचा पहिला हक्कदार पुष्कळदा आपल्याच कडेवर असतो.

आणखी एका सफरीचा विचार जैन घराने वेगळा करावा असा आहे. अलीबाबा आणि चाळीस चोरांच्या गुहेत प्रत्येकाच्या हाती खेळण्यातली बंदूक दिली जाते आणि पडद्यावरच्या लक्ष्यांवर नेम धरून गुण मिळवायचे असतात. ना गोळी, ना जखम, प्रकाशाचा खेळ केवळ. मग हरकत कसली, असे कोणी म्हणेल. जैन वाङ्मयाने हा प्रश्न फार पूर्वी विचारलेला आहे. राष्ट्रकूट काळात, ९५९ साली सोमदेवसूरींनी पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त राजा यशोधराची कथा येते. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला तो तयार नसतो. पण आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. पिठाला जीव नव्हता, तरी मारण्याचा भाव होता, आणि त्या भावाचे फळ म्हणून माता आणि पुत्र दोघांनाही पशुयोनीत जन्मामागून जन्म काढावे लागले, असे कथा सांगते.

म्हणून मुलाला दारातून खेचून आणावे काय? तसे करण्याने काही साधत नाही. बंदुकीचे आकर्षण मात्र वाढते. ज्या घरांत ही कथा झोपताना सांगितली गेली आहे, तिथे मूल कधी कधी आपणच विचारते, ‘चोराला लागतं का गं?’ त्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे आणि निवड त्याच्यावर सोडावी. पाचांच्या यादीत या सफरीऐवजी दुसरे काही सुचवणे सर्वांत सोपे. त्यातही भारताच्या डोंगर-नद्यांवरून उडत गेल्याचा भास देणारी ‘आय फॉर इंडिया’ ही सफर, मुलाची उंची अटीत बसत असेल तर, फार सुंदर आहे.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र आजच्या उद्यानांचे मनापासून स्वागत करावे. एक पिढी मागे मुलांची करमणूक म्हणजे सर्कस, आणि सर्कस म्हणजे चाबकाच्या आवाजावर नाचणारे अस्वल आणि जळत्या कड्यातून उडी मारणारा वाघ. सिंह, वाघ, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ साली बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१३ साली डॉल्फिनच्या खेळांसाठी तलाव उभारण्यालाही देशात मनाई झाली. त्याच वर्षी खोपोलीजवळ फायबरचा हत्ती हवेत उडू लागला. त्याला भूक लागत नाही, अंकुशही लागत नाही. त्याच्या पाठीवर बसण्यात कोणत्याही जैन मुलाला कमीपणा नाही.

पाण्याच्या उद्यानाबद्दल एकच सांगावेसे वाटते. अप्कायाचा विचार करणारी कित्येक कुटुंबे तिथे जातच नाहीत, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. जाणाऱ्यांनी तो स्वतंत्र दिवस धरावा. एकाच दिवसात कोरडे आणि ओले दोन्ही उरकण्याचा बेत मुलांना सर्दी देतो आणि ‘न्हाण’ नियमाचीही थट्टा होते.

जेवणाचा प्रश्न सर्वांत आधी मनात येतो, आणि वाटतो तितका तो अवघड नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या उद्यानांत जैन जेवण सहसा मिळते. तरी आदल्या दिवशी फोन करून विचारावे आणि तिथे गेल्यावर सकाळीच सांगून ठेवावे. दुपारी दोन वाजता गर्दीत ‘जैन आहे का?’ असे विचारणाऱ्याला घाईघाईत वरचा कांदा काढून दिलेली ताटली मिळण्याचा संभव असतो. बाहेरचे पदार्थ बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या मुलांच्या खाण्याला मात्र सवलत असते. खाकरे, ठेपले, कच्च्या केळ्याचे वेफर, सुखडी यांचा डबा म्हणून गाडीतच ठेवावा; त्याचे काम संध्याकाळी आहे.

खरी अडचण बटाट्याच्या तळलेल्या कांड्या आणि रंगीत गोळ्यांची. बटाटा ओळखू तरी येतो. मऊ, रबरासारख्या गोळ्यांत आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. लाल-गुलाबी मिठायांत ई १२० हा रंग असेल तर तो किड्यांपासून काढलेला असतो. वेष्टनावरचा हिरवा ठिपका आणि तपकिरी त्रिकोण पाहायला सहा वर्षांच्या मुलाला शिकवता येते, आणि हा शोध त्याला पाळण्याइतकाच आवडतो. आपले खाणे आपण तपासतो आहोत, हा मान त्यात असतो. सुटी, वेष्टनाविना मिळणारी मिठाई मात्र टाळावी. साखरेचा कापूस, म्हणजे म्हातारीचे केस, पांढरा मागून घ्यावा.

अष्टमी-चतुर्दशी पाहून दिवस ठरवला तर बरे. बरोबरच्या आजीचे एकासणे असेल आणि हिरवी भाजी वर्ज्य असेल, तर तिच्यावर उगाच ताण येतो. एरवी आजी-आजोबा सोबत असणे हे भाग्यच. लहान नातवंड झोपले की त्याला घेऊन सावलीत कोणीतरी बसावे लागते, आणि आजीचे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक मोठ्या पाळण्याच्या एका रांगेत व्यवस्थित बसते. दुपारची ही झोप कोणत्याही कारणाने चुकवू नये. चार वाजता ओरडणारे मूल हट्टी नसते. बहुतेक वेळा ते दोन वाजता झोपायला हवे होते, इतकेच.

गर्दीत मूल हरवण्याची भीती रास्त आहे. आत शिरताच मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढावा आणि फोन नंबर त्याच्या दंडावर पेनने लिहावा. हरवल्यास जागेवरच उभे राहायचे आणि गणवेश घातलेल्या, छातीवर नावाची पट्टी असलेल्या माणसाला सांगायचे, हे दोनदा त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. कोणता गणवेश, तो बोट दाखवून ओळखवावा.

उरतो तो सूर्यास्त. डिसेंबरच्या सुरुवातीला या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या अखेरीस सातनंतर. रोषणाई आणि मिरवणूक ही या उद्यानांची संध्याकाळची शोभा असते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या सकाळीच विचाराव्यात. अनेक चौविहार पाळणारी कुटुंबे ‘रात्री खाता येत नाही, मग थांबायचे कशाला’ म्हणून पाचलाच काढता पाय घेतात. हा निर्णय वाईट नाही. त्या सुमारास मुलांचा उत्साह संपलेलाच असतो. पण मोठ्या मुलांना मिरवणूक पाहायचीच असेल तर मधला मार्ग आहे. बाहेर जाऊन परत येता येते का, हे सकाळीच विचारून ठेवावे. येत असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी वाहनतळावर यावे, गाडीच्या मागच्या झडपेवर डबा उघडावा, बाटलीतले उकळलेले पाणी प्यावे आणि पच्चक्खाण घेऊन आत परतावे. मिरवणुकीला तिखट-मीठ लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाला चौविहार नसतो, त्याच्या आईला असतो. त्याने रात्री दूध मागितले तर ते निर्धास्त द्यावे, आणि सात वर्षांच्या ताईने ‘मी पण आज नाही खाणार’ म्हटले तर तिला शाबासकी देऊन तिच्या मर्जीवर सोडावे.

खालापूरचा टोलनाका येईपर्यंत मागच्या आसनावर सगळे झोपलेले असतात. पुढच्या रविवारी पाठशाळेत गुरुजींनी विचारले, की त्या दिवसाचे वर्णन होते. त्यात नायट्रोचे नाव क्वचितच निघते. हात खाली धरला की आपोआप सुरू होणारा नळ, टबीच्या कानावर बसलेले पाखरू, कपात बसून हसता हसता आजोबांचा निसटलेला चष्मा, आणि पाचातला एक पाळणा कसा शिल्लक राहिला, तो पुढच्या वेळी कसा धरायचा, याचा सविस्तर हिशेब.